मातीला पोचण्याचं अंतर

सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूर भागात कुणी गेल्याचा फोन आला की पलीकडच्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, ‘माती कधी?’ लगेच दुसरा, ‘पोरगा निघालाय का?’ पोरगा दिल्लीत असतो, कोइमतूरला असतो, नाहीतर लेहच्या पुढे कुठल्यातरी चौकीवर असतो. मग सोप्यात बसलेली जाणती माणसं हिशेब मांडतात. त्या हिशेबात किलोमीटर येत नाहीत. मातीला पोचेल, सावडायला पोचेल, की दहाव्यालाच येईल, या तीनच मापांत ती सगळं जग मोजतात. भूगोलाच्या पुस्तकातल्या मापापेक्षा मला हे माप अधिक खरं वाटतं. सरकारने, रेल्वेने आणि आपण सगळ्यांनीच अंतर याच मापाने मोजायला हवं, असं माझं म्हणणं आहे.

माझे चुलते, आमचे तात्या, २०१८ च्या जूनमध्ये सकाळी आठच्या सुमाराला गेले. थोरला चुलतभाऊ दिल्लीत नोकरीला. सव्वाआठला त्याला फोन लागला. त्याला दुपारी एकच्या विमानात जागा मिळाली आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं. दिल्ली-पुणे सव्वादोन तास, म्हणजे सव्वातीनला पुण्यात; दिवस मावळायच्या आत येतोय, असं भावकीतल्या सगळ्यांनी धरलं. मोबाइलवर कुणीतरी शोधून सांगितलंही, की दिल्ली ते रहिमतपूर सरळ रेषेत साडेबाराशे किलोमीटर आणि विमानाने साधारण दोन तास. रहिमतपूरला धावपट्टी नाही, हे त्या यंत्राला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी आम्हीही ते विसरलो.

विमान वेळेवर उतरलं. सामान हाती यायला अर्धा तास गेला. लोहगाव विमानतळावरून स्वारगेटला यायला सव्वा तास लागला, पाऊस होता. साडेपाचला सातारची गाडी निघाली. खंबाटकी घाटात वाहनांची रांग लागलेली. सातारच्या स्टँडवर तो उतरला तेव्हा साडेआठ वाजून गेले होते आणि आमच्याकडे येणारी गाडी निघून गेली होती. एका ओळखीच्या माणसाच्या जीपने तो निघाला. इकडे आठ वाजेपर्यंत माणसं थांबली होती. परगावच्या पाहुण्यांना परतायचं होतं, पाऊस वाढत होता. मग वडीलधाऱ्यांनीच ठरवलं आणि धाकट्याने अग्नी दिला. थोरला रात्री दहाला आला तो घरी न येता खांद्यावरच्या बॅगेसकट तडक नदीकाठी गेला. तिथे आम्ही चौघेजण बसलो होतो. तो काही बोलला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, ‘सव्वातीनलाच पुण्यात होतो रे.’

या एका वाक्याचा हिशेब मी पुढे पुष्कळ दिवस करत राहिलो. दिल्ली ते पुणे सरळ रेषेत साडेअकराशे किलोमीटर. त्याला सव्वादोन तास. लोहगाव ते रहिमतपूर रस्त्याने दीडशे किलोमीटर. विमानतळाबाहेर पाऊल टाकल्यापासून त्याला सव्वासहा तास. म्हणजे ताशी चोवीस किलोमीटर. शाळेत जाणारं चपळ पोर सायकल याहून फार हळू चालवत नाही. फोन लागल्यापासून चिता दिसेपर्यंत पावणेचौदा तास गेले आणि त्यांतला विमानाचा वाटा सहावा हिस्सा. उरलेले पाच हिस्से कुठे गेले, हे कुठल्याच तक्त्यात सापडत नाही.

स्वतंत्र गाडी करून तो आला असता तर दोन तास वाचले असते, असं कुणी म्हणेल, आणि ते खरं आहे. पण आयत्या वेळी काढलेल्या विमानाच्या तिकिटाने त्याचा खिसा आधीच रिकामा केला होता. अंतर पैशाप्रमाणेही बदलतं, हे आपण मान्य करायला हवं. दाराशी गाडी असलेल्याला रहिमतपूर पुण्यापासून तीन तासांवर आहे. एसटीवर विसंबलेल्याला ते पाच-सहा तासांवर आहे आणि रात्री उशीर झाला तर दुसऱ्या दिवसावर. नकाशा एकच, गावही तेच.

विमानाची म्हणून जी वेळ सांगतात तीही नीट समजून घ्यावी अशी आहे. वेळापत्रकातले सव्वादोन तास हे चाकं जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचे असतात. त्यात धावपट्टीकडे जाणं येतं, रांगेत उभं राहणं येतं, उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालणं येतं. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. तिथली विमानं आकाशात ताटकळतात ती त्यामुळे. पुण्याचं लोहगाव मुळात हवाई दलाचं. तिथली धावपट्टी दुरुस्तीसाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये चौदा दिवस बंद ठेवली, तेव्हा पुण्याला विमानच नव्हतं. वारा, धुकं, राजकारण हे आणखी वेगळं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे निघालेल्या आपल्या विमानांना वळसा पडला. पृथ्वी तेवढीच राहिली, लंडन लांब गेलं. अंतर सरळ रेषेत मोजणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

पूर्वी मातीला पोचण्याचा प्रश्न असा नव्हता, कारण बातमी आणि माणूस एकाच वेगाने चालत. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली. तिची बातमी आणि तिथून जीव वाचवून परतणारी माणसं घोड्यांच्या, सांडणीच्या आणि स्वतःच्या पायांनीच दक्षिणेकडे आली. तेव्हा अंतर मजलांनी मोजत, कोसांनी मोजत. आज किती मजल मारली, मुक्काम कुठे पडला, यावर प्रवास समजे. त्या काळी दूर गेलेल्या माणसाची कुणी मातीला वाट बघतच नव्हतं. एकदा निरोप घेतला की घेतला.

मग तार आली आणि बातमी माणसाच्या पुढे धावू लागली. तरी गावोगावी बातमी नेण्याचं काम पुष्कळ वर्षं पोस्टकार्डच करत होतं. कोपरा फाडलेलं कार्ड दिसलं की वाचायच्या आधीच घरात रडारड सुरू होई. ते कार्ड पोचेपर्यंत तिकडे सगळं उरकलेलं असे, म्हणून कार्ड मिळालेला माणूस हळहळे, पण धावपळ करत नसे. भारतातली तारसेवा १५ जुलै २०१३ ला बंद झाली. तोवर तिची गरजच संपली होती. आता तर शेवटचा श्वास फोनच्या पडद्यावर दिसतो. दिल्लीतल्या माझ्या भावाने तात्यांचं तोंड सकाळी साडेआठलाच पाहिलं होतं. बातमीला लागणारा वेळ शून्यावर आला आणि माणसाला लागणारा वेळ पावणेचौदा तासच राहिला. या दोहोंमधली फट हेच आजचं खरं अंतर आहे. मागच्या कुठल्याही पिढीने ती एवढी रुंद पाहिली नव्हती, आणि म्हणूनच गावाची ओढ असलेल्या माणसाच्या जिवाची तगमग आज जास्त होते, असं मला वाटतं.

सातारा-सांगलीच्या माणसाला या फटीचा अनुभव इतरांपेक्षा अधिक आहे, कारण हा मुलूख माणसं बाहेर पाठवूनच जगला. सातारा तालुक्यातलं अपशिंगे तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं. तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची घरं फौजेत आहेत, पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. पाटण, जावळी, कोरेगावची माणसं मुंबईच्या गोदीत, बाजारपेठांत, माथाडी म्हणून राबली. आणि विटा-खानापूर-आटपाडी, खटाव-माण या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात शिरून देशभर पांगली. कोइमतूर, त्रिशूर, कोलकाता, अमृतसर, कुठेही सराफ बाजारातल्या बोळात जा, धुराने काळवंडलेल्या मुशीपाशी माणदेशी मराठी ऐकू येईल. विट्याहून कोइमतूर सरळ रेषेत साडेसातशे किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे दिल्लीहून कितीतरी जवळ. पण तिथल्या गलाईवाल्याला विचारा. गाड्या बदलत, मिरजेला किंवा पुण्याला उतरत, पुढे एसटीने यायचं, तर तो दिल्लीवाल्याच्या मागून घरी पोचायचा.

फौजी माणसाचं अंतर सुट्टीच्या दिवसांत मोजतात. लेहहून दिल्लीला विमान तासा-सव्वातासात येतं, पण हिवाळ्यात झोजिला बंद, आकाश धुरकट, आणि जागा मिळेपर्यंत जवान तळावर बसून. पुढे दिल्लीहून किंवा जम्मूहून पुण्याची गाडी. पुणे-जम्मू धावणाऱ्या झेलम एक्स्प्रेसचं नाव आमच्याकडच्या फौजी घरांतल्या लहान पोरांनाही पाठ असतं, ते उगाच नाही. सुट्टी मंजूर झाली तरी त्यातले किती दिवस घरात आणि किती वाटेत, याचा हिशेब त्याची बायको कॅलेंडरवर करत असते. तिला विमानाचा ताशी वेग सांगून काय उपयोग?

आता विमानतळांविषयी. आपल्या भागाचा विकास म्हटला की भाषणात पहिला शब्द विमानतळ येतो. कराडला धावपट्टी आहे. १९५५ साली कोयना प्रकल्पासाठी ती बांधली. ती वाढवावी ही मागणी जुनी, आणि बागायती जमीन जाणार म्हणून शेतकऱ्यांचा विरोधही जुना. पुरंदरच्या विमानतळासाठी पारगाव, वनपुरी, कुंभारवळण, खानवडी अशा सात गावांच्या जमिनीवरून लोक रस्त्यावर आले. कोल्हापूरला १९३९ पासून विमानतळ आहे, राजाराम महाराजांनी केलेला; मार्च २०२४ मध्ये तिथे नवी देखणी इमारतही झाली. रहिमतपूर या सगळ्याच्या अगदी मधोमध आहे. सरळ रेषेत लोहगाव आमच्यापासून सुमारे ११० किलोमीटर उत्तरेला आणि कोल्हापूरचं उजळाईवाडी सुमारे १०० किलोमीटर दक्षिणेला. दोन विमानतळांना जोडणारी रेघ मारली तर ती आमच्या शिवाराच्या थोडी पश्चिमेकडून जाते.

कोल्हापूरहून हैदराबादला किंवा बंगळुरूला विमान असणं चांगलंच, त्याने माणसांचा अख्खा दिवस वाचतो. लांब पल्ल्याला विमानाशिवाय पर्याय नाही, हे मी मनापासून मानतो. रुग्णासाठी, निर्यातीच्या मालासाठीही ते हवं. पण कराड ते मुंबई हे सरळ रेषेत जेमतेम अडीचशे किलोमीटर. उद्या तिथून छोटं विमान सुरू झालं, तरी विमान तासाभराचं. त्याआधी दीड-दोन तास विमानतळावर, मुंबईत उतरल्यावर सामान, मग लालबागला किंवा कोपरखैरणेला जायला पुन्हा तास-दीड तास. रहिमतपूरहून कराड गाठायचं ते वेगळंच. सगळी बेरीज केली की रस्त्याने लागणाऱ्या सहा तासांच्या जवळच आकडा येतो. एवढ्या पल्ल्यात विमान वेळ वाचवतं हा भ्रम आहे, आणि त्या भ्रमापायी ओलिताची जमीन देणं मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. एअर इंडियाकडे १९६० साली पहिलं बोइंग ७०७ आलं. ते ज्या वेगाने उडत होतं, जवळपास त्याच वेगाने आजचं विमान उडतं. आवाजाहून वेगवान असलेलं काँकर्ड २००३ मध्ये कायमचं थांबलं आणि त्याच्या जागी दुसरं आलं नाही. म्हणजे साठ वर्षांत आकाशातला वेळ फारसा कमी झालेला नाही. इथून पुढे कमी होण्यासारखा आहे तो जमिनीवरचाच.

जमिनीवर तो कमी होतो, याचं उदाहरण पुण्यातच आहे. मार्च २०२४ मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत गेली. रामवाडी विमानतळापासून थोड्याच अंतरावर. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला. आता लोहगावहून रामवाडीला यायचं, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची आणि स्वारगेटला वर यायचं, की समोर सातारची एसटी. पाऊस असो नाहीतर गणपतीची गर्दी, वेळ ठरलेली. दिल्ली आणि रहिमतपूर यांमधलं अंतर गेल्या साठ वर्षांत कुठल्याही विमानाने कमी केलं नाही, तेवढं या भुयाराने केलं. माझा भाऊ २०१८ ऐवजी आज निघाला असता तर थोडा तरी लवकर आला असता. सातारच्या स्टँडवर त्याला गाडी मिळाली असती की नाही, हा प्रश्न मात्र तसाच आहे.

हा आमच्याकडचा शेवटचा टप्पा कुणाच्याच खिजगणतीत नसतो. रहिमतपूर हे काही आडगाव नव्हे. आदिलशाहीत इथे पेठ होती, रणदुल्लाखानाची म्हणून सांगतात ती कबर आणि मशीद आजही उभी आहे. पुण्याहून दक्षिणेकडे जाणारा लोहमार्ग १८९० च्या सुमाराला पूर्ण झाला तेव्हापासून आम्ही रेल्वेवर आहोत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं. दिल्लीच्या निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्स्प्रेस याच रुळांवरून धावते. सप्टेंबर २०२४ पासून पुणे-कोल्हापूर वंदे भारत सुरू झाली. तिचे थांबे सातारा, कराड, किर्लोस्करवाडी, सांगली, मिरज. आमच्या फलाटावरून ती वारा उठवत निघून जाते. कोरोनाच्या टाळेबंदीत बंद पडलेली सह्याद्री एक्स्प्रेस नोव्हेंबर २०२३ मध्ये परत आली, तीही मुंबईपासून नव्हे, पुण्यापासून.

वंदे भारत प्रत्येक गावाला थांबवा, असं मी म्हणणार नाही. तशी थांबली तर ती कोयना एक्स्प्रेस होईल, आणि कोयना आहेच. वेगवान गाडीने थोड्या ठिकाणी थांबावं हे रास्त आहे. पण मग ती साताऱ्याला थांबते त्या वेळी स्टेशनाबाहेर कोरेगाव-रहिमतपूरकडे जाणारी एसटी उभी असायला नको का? सातारा स्टेशन माहुलीला, शहरापासून लांब. उतरलेला माणूस आधी रिक्षाने स्टँडवर जातो आणि तिथे गाडीची वाट बघतो. गाडीने जिंकलेला पाऊण तास इथेच जिरतो. सुतार चौकट करतो तेव्हा लाकूड कितीही गुळगुळीत तासलं तरी सांधा बसला नाही तर दार लागत नाही. आमच्या प्रवासाचे टप्पे एकेकटे चांगले झाले आहेत: सहापदरी रस्ता, मेट्रो, विमानतळाची नवी इमारत, दुहेरी होत आलेला लोहमार्ग. सांधे मात्र कुणी बसवायला घेतलेले नाहीत, कारण सांध्याचं उद्घाटन होत नाही, त्यावर कोनशिला बसत नाही.

परदेशी असलेल्या मुलांसाठी आता गावात शवपेटी भाड्याने मिळते. अमेरिकेतून येणाऱ्या मुलाची वाट बघत देह दोन-दोन दिवस ठेवतात. मुंबई-न्यूयॉर्क सलग विमानाला पंधरा-सोळा तास लागतात, हे लोक समजून घेतात आणि थांबतात. पण पुण्यापर्यंत आलेल्या मुलासाठी कोण शवपेटी आणणार? तो तर ‘जवळच’ असतो. जवळ असलेल्याचीच माती चुकते, असं मी एकाहून अधिक घरांत पाहिलं आहे.

म्हणून माझी मागणी अगदी लहान आहे. एखाद्या शहराचं अंतर सांगताना धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंतचा आकडा सांगू नका, उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंतचा सांगा. जिल्हा नियोजनाच्या बैठकीत नव्या विमानतळाच्या आराखड्याआधी एक साधा कागद टेबलावर ठेवा: पुण्यात संध्याकाळी सहाला उतरलेला माणूस रहिमतपूरला, पुसेसावळीला, विट्याला, आटपाडीला किती वाजता पोचतो. त्या कागदावर एसटी, रेल्वे आणि मेट्रोच्या वेळापत्रकवाल्यांना एकत्र बसवा. आणि सातारा स्टँडवरून रात्री साडेदहाला रहिमतपूरकडे एक गाडी सोडा. ती कधी रिकामी जाईल, कधी दोन माणसांना घेऊन जाईल. तरीही ती रोज सोडा.